रविवार कोणाच्या हक्काचा?
एकोणिसाव्या शतकातील कामकरी तरुणीचे सण, सुट्टी आणि सख्या

(बंगळूर येथे मराठी भाषक सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या बंगळूर शहरात कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीमंदिरापाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नड भाषेत तिला कडलेकाई परिषे म्हणतात. नव्या हंगामाच्या शेंगांचे ढीग रस्त्याच्या दोन्ही कडांना लागतात आणि सारे शहर तेथे लोटते. जत्रेला येणाऱ्याचा तो सण असतो; ढिगामागे मापटे घेऊन बसलेल्या बाईचा मात्र तो वर्षातला सर्वांत लांब कामाचा दिवस असतो. सणाला अशा दोन बाजू असतात. सण साजरा करणारे आणि सण घडवून आणणारे हात बहुधा वेगवेगळे असतात, आणि आपल्या वाङ्मयात ज्या सणांची वर्णने सापडतात ती बहुतेक पहिल्या बाजूने लिहिलेली आहेत. दुसऱ्या बाजूने पाहू लागले की प्रश्न बदलतो. ज्या तरुणीला पोटासाठी दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे राबावे लागत होते, तिच्या वाट्याला एकोणिसाव्या शतकात सण येत होता काय, आणि येत असल्यास तो तिला कोणी दिला, हे त्या वेळी विचारावे लागते.

प्रथम शब्दांकडे पाहिले पाहिजे. मराठीत कामातून मोकळे होण्याला तीन शब्द रूढ आहेत. ‘सुट्टी’ म्हणजे सुटका. ‘रजा’ हा अरबीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी. रजा द्यायची ती धन्याने. तिसरा शब्द गिरणीतला, ‘खाडा’. आपण होऊन कामावर न जाणे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जात. मालक रजा देतो, कामगार खाडा करतो, आणि सुट्टी मात्र दोघांच्याही मर्जीवर अवलंबून नसते. ती ठरलेली असते. मुंबईच्या गिरणीकामगाराचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास हा रजा आणि खाडा ह्या दोन शब्दांमधून तिसऱ्या शब्दापर्यंत पोचण्याचा इतिहास आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कावसजी नानाभाई दावर ह्यांची कापसाची गिरणी १८५४ साली ताडदेवला स्थापन झाली आणि दोन वर्षांनी तिच्यातून सूत निघू लागले. पुढल्या पंचवीस-तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी ह्या भागांत भोंग्यांचे राज्य सुरू झाले. इकडे बंगळुरातही १८८४ साली लोकर, कापूस व रेशीम ह्यांची गिरणी निघाली आणि लवकरच ती बिनी कंपनीच्या व्यवस्थेखाली गेली. दोन्ही शहरांना मजूर पुरवणाऱ्या खेड्यांवर मधल्या काळात एकच आघात झाला होता. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खन आणि म्हैसूर संस्थान ह्या दोन्ही प्रदेशांवरून फिरला. म्हैसूरची लोकसंख्या १८७१ साली पन्नास लाखांवर होती. १८८१ च्या शिरगणतीत ती बेचाळीस लाखांच्या आत आली. सातारा, अहमदनगर, सोलापूर ह्या जिल्ह्यांतून माणसे वाट फुटेल तिकडे निघाली. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ सालीच पुरा झाला होता. धान्य वाहून नेणारी तीच आगगाडी माणसांनाही मुंबईच्या कारखान्यांकडे वाहून आणू लागली.

गिरणीत येणारी स्त्री ही पुष्कळदा विधवा, टाकलेली, किंवा नवऱ्याच्या तुटपुंज्या मजुरीत घर न चालणारी असे. शतकाच्या शेवटच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत शेकड्याला वीसच्या वर स्त्रिया होत्या. त्यांची जागा ठरलेली होती. सूत रिळावर गुंडाळण्याचे रिळिंग खाते आणि कांड्या भरण्याचे वाइंडिंग खाते ही बायकांची खाती. मजुरी कामाच्या मापावर, म्हणजे जितके सूत उतरेल तितके पैसे. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमबाईला ‘नायकीण’ म्हणत. हाच शब्द कोकणात व गोव्यात कलावंतिणीलाही वापरला जातो. घराबाहेर पडून पैसा मिळवणाऱ्या बाईकडे त्या काळचा समाज कोणत्या नजरेने पाहत होता, हे ह्या एका शब्दातील दुहेरी अर्थावरून समजून घ्यावे. भाषांतर करणाऱ्याला असा शब्द अडवतो. ‘पर्यवेक्षिका’ लिहिले तर अर्थ बरोबर येतो आणि अपमान गळून जातो.

गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचा दिवस सूर्यावर चालत असे. उजाडताना भोंगा, मावळताना सुटका. उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांच्याही पुढे जाई. मापावर काम करणाऱ्या रिळवाल्या बायका पुष्कळ गिरण्यांत थोड्या उशिरा येत व थोड्या लवकर जात, पण त्याचे कारण कोणाची दया नव्हती. घरचे दळण, पाणी आणि स्वयंपाक ही दुसरी पाळी त्यांना पुरी करायची होती. पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाचे नऊ तास ठरवले आणि त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. बाईच्या वाट्याला त्या कायद्यात एक ओळही आली नाही. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला कायद्याने सुट्टी होती आणि तिला तेरावे लागले की ती संपत होती. ज्या वयात गावाकडल्या परंपरेप्रमाणे मुलगी नुकती सासरी जाऊन पहिल्या मंगळागौरीची, पहिल्या नागपंचमीच्या माहेरपणाची वाट पाहायची, त्याच वयात गिरणीतल्या मुलीची शेवटची हक्काची सुट्टी सरत होती.

गावच्या पंचांगात मात्र विसाव्याची सोय होती. नागपंचमीला काही चिरू नये, भाजू नये, जमीन खणू नये, अशी रूढी आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्या एका दिवशी बाईच्या हातातली विळी आणि तवा धर्माच्याच नावाने खाली ठेवला जातो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पोळ्याला किंवा बेंदराला बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही. त्याला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, पुरणपोळी चारतात. शेतकऱ्याच्या बैलाला वर्षातून एक दिवस रूढीने दिलेली हक्काची सुट्टी होती. गिरणीतल्या बाईला कायद्याने ती नव्हती. कोणी म्हणेल, ही तुलना कठोर झाली. पण ती वस्तुस्थितीतच आहे.

गिरण्या काही सणांना बंद राहत हे खरे. होळी, दिवाळी, मोहरम, नारळी पौर्णिमा असे वर्षाकाठी मोजके दिवस भोंगा वाजत नसे. पण त्या दिवसांचा पगार नसे, आणि मापावर काम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने बंद गिरणी म्हणजे रिकामी चूल. शिवाय यंत्रे थांबली की ती पुसायची कोणी? आठवड्याची सुट्टी जेथे नावाला दिली जाई तेथेही कामगारांना सकाळी यंत्रे साफ करण्यासाठी बोलावून अर्धा दिवस घालवण्याची पद्धत होती. त्यात पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्यात बराच उशिरा. सण येई तेव्हा हातात पैसा नसे. चोळीचा खण, मुलाला टोपी, देवाला नारळ हे सर्व उसनवारीने. रुपयामागे महिना एक आणा हा सावकारी दर गिरणगावात पुढे कित्येक दशके टिकून राहिला. सण संपून जाई आणि व्याज उरे.

असे असूनही सण होत होते, आणि उत्साहाने होत होते. हे समजून घेतल्याशिवाय कामकरी स्त्रीचे चित्र पुरे होत नाही. केवळ दुःखाची यादी करणे हा आपल्याकडील प्रचारसाहित्याचा एक दोष आहे; त्यात राबणारे माणूस कधी हसतच नाही. वास्तविक गिरणगावातील बाई गावाहून येताना लुगडे आणि तवा ह्यांबरोबर आपल्या ओव्या, फुगड्या, झिम्मा आणि हादग्याची गाणीही घेऊन आली होती. जात्यावरच्या ओव्यांची मोठी संपदा हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ ह्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव फिरून जमवली. ती लाखाच्या वर भरली. माहेर, भाऊ, सासुरवास, देव, आणि शेजीबाई ह्यांभोवती त्या ओव्या फिरतात. ‘शेजी’ म्हणजे शेजारीण. मराठी बाईच्या काव्यात सखीची जागा शेजीने घेतलेली आहे, कारण जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून खुंट्याला हात लावणारी तीच असते. एकटीने दळणे कष्टाचे. दोघींनी दळले की श्रम अर्धे होतात आणि गाणे दुप्पट होते.

चाळीत ही शेजी बदलली. गावात शेजारीण बहुधा जातीचीच, आळीतलीच. मुंबईच्या चाळीतही एका गावचे, एका जातीचे लोक शक्यतो एकत्र राहत. पण रिळाच्या खात्यात नायकीण जिथे उभी करील तिथे उभे राहावे लागे. साताऱ्याची बाई आणि रत्नागिरीची बाई, दोघींचे सण सारखे आणि रीती निराळ्या. कोकणातली बाई गणपतीला गावी जाण्यासाठी जीव टाकी, पण भाद्रपदात समुद्र पुरता निवळलेला नसे, आणि कोकणच्या वाटेवर रेल्वे येण्यास पुढे शंभर वर्षे लागली. तो मार्ग पुरा सुरू झाला १९९८ साली. तेव्हा गौर चाळीतच बसायची. गौरीच्या रात्री दहा बाय दहाच्या खोलीसमोरच्या चिंचोळ्या पडवीत फुगडीला जागा किती असणार! तरी फेर धरला जाई. (महाराष्ट्रात गौरी गणपतीच्या मागून येते, कर्नाटकात ती त्याच्या आदल्या दिवशी येते. आईने लेकराच्या आधी यावे की मागून, ह्यावर बंगळुरातील मराठी घरांत आजही थट्टेचे वाद होतात.)

ह्या मैत्रीला एक भौतिक पाया होता. तान्हे मूल असलेली बाई कामावर जाई तेव्हा मूल कोणीतरी सांभाळायचे असे. ज्यांना तसे कोणी नव्हते त्या मुलाला अफूची गोळी देऊन निजवत. विसाव्या शतकातील डॉक्टरांनी आणि चौकशी समित्यांनी हा प्रकार नोंदवून ठेवला आहे. जिला शेजी होती तिचे मूल जागे राहत होते, एवढ्यात मैत्री ह्या शब्दाचा गिरणगावातील अर्थ सांगता येतो. दुसरा पाया खानावळीचा. गावाहून एकट्या आलेल्या पुरुष कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी पुष्कळदा बायकाच चालवत. गिरणीत न जाता गिरणी चालू ठेवणाऱ्या ह्या बायका. सणाच्या दिवशी त्यांचे काम दुप्पट, कारण गडी घरी, आणि पुरणाचे मागणे. ह्याच खानावळवाल्यांची पुढल्या पिढ्यांतील संघटना प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभी केली.

मात्र सणांच्या ह्या एकोप्यावर फार मोठे सोनेरी पाणी चढवू नये. गिरणीत पाण्याची जागा जातवार वेगळी असे. विणकामाच्या खात्यात तुटलेला धागा तोंडाच्या थुंकीने ओला करून जोडावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या चांगल्या मजुरीच्या खात्यात प्रवेशच नव्हता, डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा त्याला पन्नास वर्षे उलटून गेली होती. जी विटाळाची रेघ पाण्याच्या माठाभोवती होती ती हळदीकुंकवाच्या तबकाभोवतीही होती. आणि विधवेला तर त्या तबकापाशी जागाच नव्हती. गिरणीत विधवा पुष्कळ. म्हणजे जी स्त्री आपल्या कमाईवर चार तोंडे जगवीत होती तिलाच सणाच्या दिवशी मागे उभे राहावे लागत होते. ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती ह्याच जगात.

आता सुट्टीच्या लढ्याकडे वळू. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचा जन्म १८४८ चा. महात्मा फुले ह्यांचे ते सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, गिरणीत कारकुनी केलेले, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात परळ भागात त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सरकारच्या चौकशी मंडळासाठी एक अर्ज तयार केला. त्यावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सही-अंगठा केला. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा वेळ, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि अपघात झाल्यास भरपाई. पगाराची मागणी सुट्टीच्या मागणीशेजारी बसवण्यात एक शहाणपण होते. हातात पैसा नसताना मिळालेला मोकळा दिवस हा उपासाचाच दिवस होतो.

सहा वर्षे ह्या अर्जाचे काही झाले नाही. मग १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रिया उभ्या राहिल्या आणि त्यांनी साप्ताहिक सुट्टीची मागणी केली. ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत एका वाक्यात येते आणि जाते. पण क्षणभर थांबावे. हिंदुस्थानात मध्यमवर्गीय स्त्रीने सभेत उभे राहून बोलणे हीच तेव्हा खळबळजनक घटना होती. पंडिता रमाबाईंसारखे अपवाद बोटांवर मोजण्याइतके. अशा काळात खुल्या मैदानात, दहा हजारांपुढे, पोटासाठी सूत गुंडाळणाऱ्या दोघी बोलल्या. दोघी होत्या, एकटी नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यांना तेथवर येण्याची वाट अनोळखी नव्हती. महालक्ष्मीच्या देवळापाशी दर नवरात्रात मोठी जत्रा भरते. गिरणगावातील बाया घोळक्याने त्या जत्रेला जात. जत्रेच्या घोळक्यात एकमेकींचा पदर धरून चालण्याची सवय झालेल्या बायका सभेच्या घोळक्यातही तशाच चालत आल्या असतील, तर त्यात नवल काय?

४७ दिवसांनी, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवारच का, ह्याविषयी लोखंड्यांच्या नावे सांगितला जाणारा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. बहुजन समाजाचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाचा वार रविवार. साहेबाच्या चर्चच्या दिवसाला कामगाराने आपल्या दैवताचे नाव दिले आणि सुट्टी घेतली. ही चतुराई होती की श्रद्धा, असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. बहुधा ती दोन्ही होती.

त्याच वसंतात युरोपात काय चालले होते ते पाहिले म्हणजे मुंबईची घटना नीट दिसते. शिकागोच्या १८८६ च्या हुतात्म्यांची आठवण ठेवून पॅरिसच्या १८८९ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आठ तासांच्या मागणीसाठी १ मे हा दिवस ठरवला, आणि पहिला आंतरराष्ट्रीय मे दिन १८९० साली, महालक्ष्मीच्या सभेनंतर सातच दिवसांनी, साजरा झाला. लंडनमध्ये मोठी मिरवणूक मात्र रविवार ४ मे रोजी हाइड पार्कात निघाली. एलिनॉर मार्क्स तेथे बोलल्या. कामगारांना येता यावे म्हणून दिवस रविवारचा निवडावा लागला. लंडनचा कामगार आपल्या रविवारचा उपयोग आठ तासांसाठी करीत होता. मुंबईचा कामगार अजून तो रविवारच मागत होता. ह्या देशात मे दिन प्रथम १९२३ साली मद्रासमध्ये सिंगारवेलू ह्यांनी साजरा केला.

कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात, कामाच्या दिवसावरील प्रकरणात, मेरी अ‍ॅन वॉकली नावाच्या वीस वर्षांच्या मुलीची हकिगत आहे. १८६३ चा जून महिना. लंडनमधील एका उंची शिवणघरात ती काम करीत होती. वेल्सच्या नव्या राजकन्येच्या सन्मानार्थ नाचाचा समारंभ व्हायचा होता आणि सरदारांच्या बायकांचे पोशाख वेळेवर तयार व्हायला हवे होते. तिने इतर साठ मुलींबरोबर सलग साडेसव्वीस तास शिवण केले. एकेका खोलीत तीस जणी, हवा पुरेशी नाही, निजण्याची जागा कोंदट. शुक्रवारी ती आजारी पडली आणि रविवारी मेली. हातातले काम पुरे न करताच मेली, ह्याचे मालकिणीला आश्चर्य वाटल्याचे मार्क्सने नोंदवले आहे. सण घडवून आणणारे हात कोणाचे असतात, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण जगाच्या वाङ्मयात शोधूनही सापडणार नाही. मार्क्सने आकडे, अहवाल, तक्ते ह्यांच्या रानात ह्या एका मुलीला नावानिशी उभे केले आहे.

१८९० च्याच कारखाना आयोगानंतर १८९१ चा कायदा झाला. त्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांपुरते ठरवले, त्यांना दीड तासाची विश्रांती दिली आणि साप्ताहिक सुट्टी कायद्यात आणली. हा कायदा लँकेशायरच्या गिरणीमालकांना हवा होता, कारण हिंदी सूत त्यांच्या बाजारपेठा खात होते. म्हणून राष्ट्रीय बाण्याच्या वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी त्याला विरोध केला. परक्या भांडवलदाराचा कावा त्यांना दिसला, पण देशी भांडवलदाराच्या रिळावर उभी असलेली बाई दिसली नाही. लोखंड्यांना दोन्ही दिसत होते. मँचेस्टरच्या स्वार्थातून का होईना, बाईला विसावा मिळत असेल तर तो घ्यावा, हा त्यांचा व्यवहार होता आणि तो बरोबर होता.

तथापि मिळालेल्या रविवारचे बाईने काय केले? लुगडी धुतली, केसांत तेल घातले, पोरांना न्हाऊ घातले, आठवड्याचे दळण केले, नात्यातल्या कोणाचा निरोप आणला. रविवार गड्याचा अर्धा करमणुकीत जाई, तिचा बहुतेक घरकामात. पण त्या घरकामात भोंगा नव्हता आणि नायकीण नव्हती. नळावर धुण्याच्या धोपटण्याबरोबर चार गोष्टी बोलता येत. चाळीचा नळ हा पुढे गिरणगावातील बायकांचा फड झाला; संपाच्या काळात निरोप तेथूनच फिरले. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर ह्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, एकीने ‘पण ऐकतं कोण?’ मध्ये आणि दुसरीने ‘एका रणरागिणीची हकिगत’ मध्ये. ज्यांनी ती पुस्तके वाचली नसतील त्यांनी ठरावांच्या पुस्तिका काही दिवस बाजूला ठेवून ती वाचावीत.

रविवार सर्वांचा झाला, पण सण विभागले जाऊ लागले. मोहरमचे ताबूत पाहायला, त्यांपुढे नाचायला, नवस बोलायला हिंदू कामकरी लोक सर्रास जात. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला. पुढच्या वर्षी पुण्यात हिंदूंनी ताबुतांवर बहिष्कार घातला, आणि सार्वजनिक गणेशोत्सवाची मिरवणूक त्याच सुमारास पुढे आली. गणेशोत्सवाने लोकजागृती केली हे कोणी नाकारीत नाही. परंतु ज्या बाईने गेल्या वर्षी ताबुतापुढे मुलासाठी नवस बोलला होता, तिला यंदा तेथे जाऊ नको म्हणून सांगितले गेले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. लोखंड्यांनी दंग्यानंतर राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या कामगारांना एकत्र आणण्यासाठी मेळावा भरवला. दीर्घकाळ ह्या मेळाव्याची आठवण कोणी ठेवली नाही.

ह्या बाबतीत बंगळूरचा एक रिवाज मुंबईकराने पाहून जावा असा आहे. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मराय मंदिरातून करगाची मिरवणूक निघते. तिगळ समाजाचा हा उत्सव. बागाइती, फुले आणि भाजीपाला हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. डोक्यावर फुलांचा उंच करग घेतलेला पुरुष स्त्रीवेषात चालतो, आणि ती मिरवणूक कॉटनपेठेतील तवक्कल मस्तान ह्यांच्या दर्ग्यात जाऊन पुढे सरकते. शहाजीराजांना १६३८ साली बंगळूर मिळाले तेव्हापासून येथे मराठी वस्ती आहे. शिंपी, भावसार अशा कारागीर घराण्यांनी हा करग पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दारावरून जाताना पाहिला आहे. त्या रात्रीसाठी मोगऱ्याची फुले खुडणारे आणि गजरे ओवणारे हात पुष्कळदा बायकांचेच.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग आला. त्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. गिरण्यांना माणसे मिळेनात, तेव्हा जे मालक महिनोन्‌महिने पगार अडकवून ठेवत होते ते नाक्यावर उभे राहून रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. जे अर्जाने झाले नव्हते ते साथीने केले, आणि साथ ओसरताच पुन्हा जुने सुरू झाले. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. पुण्यात सावित्रीबाई फुले महिन्याभराने त्याच रोगाची सेवा करताना गेल्या. १८९८ साली साथ बंगळुरात पोचली. येथल्या जुन्या वस्त्यांत प्लेग अम्माची देवळे आहेत; सणांच्या यादीत भीतीने घातलेली ही भर.

मुंबईच्या गिरण्यांतून बाई पुढे हळूहळू बाहेर काढली गेली. बाळंतपणाचा भत्ता, रात्रपाळीची बंदी हे कायदे तिच्या रक्षणासाठी झाले आणि मालकांनी त्यांचेच निमित्त करून तिला नको म्हटले. नवी यंत्रे आली ती तिचीच खाती खाऊन. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या. आज कापडाच्या धंद्यातील मोठा स्त्रीकामगारवर्ग पाहायचा असेल तर तो ह्या बंगळुरात, पीण्या, म्हैसूर रस्ता, होसूर रस्ता ह्या भागांतील तयार कपड्यांच्या कारखान्यांत पाहावा लागतो. लाखांनी मोजाव्या लागणाऱ्या ह्या कामगारांत बहुसंख्य तरुण स्त्रिया आहेत, मंड्या, रामनगर, तुमकूर अशा जिल्ह्यांतून आणि आता ओडिशा-झारखंडातूनही आलेल्या. एका खोलीत तिघी-चौघी राहतात, भाडे वाटून घेतात, आणि गौरी हब्बाला गावी जाण्यासाठी रजेचा अर्ज करतात. अर्ज रजेचा असतो, हे पुन्हा लक्षात घ्यावे.

एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा केंद्र सरकारचा नवा नियम ह्या मुलींच्या कानी आला. १८ तारखेला त्या कारखान्यांतून रस्त्यावर उतरल्या. पुढे चालणारा कोणी मोठा पुढारी नव्हता, एका ओळीत शिलाईयंत्रावर बसणाऱ्या मैत्रिणी एकमेकींना हाक मारून बाहेर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, १९ एप्रिलला, सरकारने तो नियम मागे घेतला. मैत्रिणींचा घोळका दोन दिवसांत काय करू शकतो, ते बंगळूरने पाहिले.

मात्र त्यानंतर सातच वर्षांनी, २०२३ साली, कर्नाटकाच्या विधिमंडळाने कारखाना कायद्यात दुरुस्ती करून आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवीत दिवसाचे काम १२ तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली, स्त्रियांना रात्रपाळीचे दार उघडले आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ७५ तासांवरून १४५ तासांवर नेली. १८९१ च्या कायद्याने रिळाच्या खात्यातील बाईसाठी आखलेली दिवसाची मर्यादा अकरा तासांची होती.